दोन नॉबची काळी पेटी: रीफ टाकीवर स्वस्त एलईडी लावताना आणि सांभाळताना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोरल ठेवायचं मनात आलं की पहिली अडचण दिव्याची वाटते. नामांकित दिवे परवडत नाहीत आणि स्वस्तातल्या पेटीवर विश्वास बसत नाही. ही पेटी आता सगळीकडे एकाच रूपात दिसते: ॲल्युमिनियमचं काळं खोकं, आत पन्नास-पंचावन्न एलईडी, वर दोन पंखे आणि कडेला दोन नॉब, एक निळ्याचा, एक पांढऱ्याचा. मी कित्येक वर्षं अशाच पेटीखाली मऊ कोरल आणि मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरल ज्यांचं बनतं ते तोंड आणि तंतू असलेले छोटे जीव) दगडी कोरलं वाढवतो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. ही पेटी कमजोर नाही. घरगुती टाकीतल्या बहुतेक कोरलांना ती सहज भाजू शकते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच चुकतो.

मीही तिथेच चुकलो होतो. पेटी आली त्याच संध्याकाळी टांगली आणि दोन्ही नॉब शेवटपर्यंत फिरवले. टाकी झगझगीत दिसली, फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मश्रूम कोरलाच्या चकत्या सुकलेल्या मनुकेसारख्या आक्रसल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांच्या कडा पांढुरक्या पडल्या. आठवड्याच्या आत दोन मश्रूम दगडावरून सुटून गेले. पाणी तपासलं तर सगळे आकडे जागेवर होते. घाई तेवढी नडली होती. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या मी सावकाशीच्या बाजूने लिहिल्या आहेत.

पायरी १: टाकीवर नेण्याआधी पेटी टेबलावर चालवा

वेष्टनावर बहुधा १६५ वॉट लिहिलेलं असतं. ५५ एलईडी, प्रत्येकी ३ वॉट, असा तो गुणाकार आहे. प्रत्यक्षात एलईडी त्या मर्यादेपर्यंत चालवलेले नसतात. दोन्ही नॉब पूर्ण उघडले तरी अशी पेटी साधारण ११० ते १२० वॉट वीज घेते. यात आपलं नुकसान नाही, कारण कमी प्रवाहावर चालणारा एलईडी थंड राहतो आणि जास्त टिकतो. दिवे आणि टाकी यांची तुलना करताना मात्र खरा आकडा हाताशी असावा. वॉटमीटर मिळाला तर पहिल्याच दिवशी मोजून वहीत लिहून ठेवा. पुढे बिघाड शोधताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

पेटी दोन तास टेबलावर चालू ठेवा आणि तेवढ्या वेळात नीट पाहणी करा. दोन्ही पंखे फिरतात का, वारा सारखा येतो का, जळका वास येतो का. नॉब अगदी खाली आणून, पेटी पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून, प्रत्येक एलईडी लागलाय का ते बाजूने बघा. चालू एलईडीकडे समोरून रोखून कधीच बघू नका. निळ्या-जांभळ्या प्रकाशाची तीव्रता डोळ्यांना जाणवते त्याहून कितीतरी जास्त असते.

एक तपासणी अजिबात टाळू नका. पेटी धातूची आहे आणि ती खाऱ्या पाण्यावर लटकणार आहे. प्लग सॉकेटमधून काढून ठेवा आणि मल्टिमीटरने बघा की प्लगची अर्थिंगची पिन आणि पेटीचा उघडा धातू, म्हणजे एखादा स्क्रू, यांच्यात जोड आहे का. जोड नसेल तर पेटी परत करा किंवा जाणकार इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग जोडून घ्या. टाकीचा सगळा वीजपुरवठाही आरसीसीबीमधूनच यायला हवा. विजेची गळती होताच तो काही मिलिसेकंदांत वीज तोडतो, आणि आपला हात तर रोज पाण्यात असतो.

थोडं थांबून: निळा एवढा का लागतो

कोरलाच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. ती प्रकाशातून अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा कोरलाला देतात. म्हणजे दिवा लावतो ते या शैवालांना जेवू घालण्यासाठी. त्यांच्यात क्लोरोफिल ए आणि सी२ असतं, शिवाय पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं. या सगळ्यांची मिळून चांगली भूक ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे जांभळ्या-निळ्यात आहे. समुद्रातही तसंच घडतं. लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर उतरतो, आणि कोरलं लाखो वर्षं त्याच उजेडात वाढत आली आहेत.

पेटीतले गडद निळे एलईडी साधारण ४५० नॅनोमीटरचे असतात. भरपूर प्रकाश देणारा निळा एलईडी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये साकारला. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घराघरांत पांढरे एलईडी त्याच शोधातून आले, आणि आपल्या टाकीतलं कोरलही त्याच शोधावर जगतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

यातून कामाची गोष्ट अशी निघते: कोरलाला वाढवतो तो निळा नॉब. पांढरा मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी आहे. काही पेट्यांत पांढऱ्याच्या जोडीला थोडे लाल-हिरवे एलईडीही असतात. पांढरा खूप वाढवला की टाकी उजळ दिसते, पण काचेवर आणि दगडावर शेवाळही लवकर धरतं. मी पांढरा नेहमी निळ्याच्या निम्म्यापेक्षा खालीच ठेवतो.

पायरी २: आकडा समजून घ्या

कोरलासाठी उजेड मोजायचं एकक पॅर. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा २०००च्या आसपास जातो. टाकीत आपल्याला एवढं लागत नाही. मश्रूम, झोआंथिड, लेदर, झेनिया अशा मऊ कोरलांना ५० ते १०० पुरे. हॅमर, टॉर्च, डंकन, अकान यांसारखी मोठ्या पॉलिपची दगडी कोरलं ८० ते १५०मध्ये खुलतात. ॲक्रोपोरासारख्या छोट्या पॉलिपच्या कोरलांना २०० ते ३५० लागतो, पण पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अडथळा दिव्याचा नसतो. त्यांना पाण्याची जी स्थिरता लागते ती नव्या टाकीत नसते.

पॅरमीटर महाग असतो आणि कामाला एकदाच लागतो. ओळखीच्या हौशी माणसाकडून दोन दिवसांसाठी मागून आणणं सर्वांत बरं. मोजताना पाण्यातला पंप चालूच ठेवा आणि सेन्सर दगडावर, वाळूवर, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत धरा. मधोमध आणि कोपऱ्यात दुपटी-तिपटीचा फरक सापडला तर दचकू नका. भिंगं लावलेल्या पेटीखाली असंच होतं. उलट तो फरक कामाला येतो: कोपरे मश्रूमसाठी, मधला उंच दगड जास्त उजेड मागणाऱ्यांसाठी.

फोनमधल्या लक्समीटरवरून पॅर काढायचा प्रयत्न करू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. डोळा हिरव्या-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो आणि निळ्याला फार कमी. त्यामुळे निळ्या पेटीखाली तो आकडा हास्यास्पदरीत्या कमी येतो आणि माणूस नॉब वाढवत बसतो. एकाच दिव्याखाली, त्याच नॉबवर, आजचा आकडा आणि सहा महिन्यांनंतरचा आकडा पडताळायचा असेल तर मात्र तोच फोन चालतो.

पायरी ३: टांगणं

पेटी थेट टाकीच्या काचेवर किंवा कडेवर ठेवू नका. वाफ आणि मिठाचे शिंतोडे सरळ पंख्यात जातात आणि वर्षभरात पेटी आतून गंजते. पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवर टांगा. भिंगं ९० अंशांची असतील तर प्रकाश अरुंद आणि खोल पडतो, १२० अंशांची असतील तर पसरतो आणि उथळ राहतो. अरुंद भिंगवाली पेटी थोडी वर न्या. मधला झोत सौम्य होतो आणि कडांनाही उजेड मिळतो. साठ सेंटिमीटर लांबीच्या टाकीला एक पेटी पुरते. त्याहून लांब टाकीत एकाच पेटीचा जोर वाढवण्यापेक्षा दुसरी पेटी लावून दोन्ही कमीवर चालवाव्यात. सावल्या मऊ होतात आणि दगडाच्या पोटाखालची कोरलंही जगतात.

सोबत आलेल्या तारेच्या दोऱ्या पेटीचं वजन पेलतात, पण छतातला किंवा आडव्या दांडीचा हुक बघूनच लावा. शंका असेल तर दुसरी एक सुरक्षेची दोरी बांधा. तीन-चार किलोची चालू पेटी पाण्यात पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर चढवा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखाली जमिनीवर ठेवू नका, भिंतीला उंच लावा.

टाकीवर काचेचं झाकण असेल तर ते पारदर्शक दिसतं म्हणून फसू नका. त्याच्या खालच्या बाजूला मीठ आणि शेवाळाचा थर बसतो आणि उजेड गिळतो. मी झाकण काढून जाळी लावली. उड्या मारणारे मासे आत राहतात आणि उजेडही खाली पोचतो.

पायरी ४: टायमर आणि नॉब

बऱ्याच पेट्यांना निळ्यासाठी आणि पांढऱ्यासाठी दोन वेगळ्या वायरी असतात. प्रत्येकीला आपला टायमर लावा. सकाळी निळा आधी लागू दे, दीड-दोन तासांनी पांढरा. संध्याकाळी पांढरा आधी जाऊ दे. निळा नऊ ते दहा तास, पांढरा सहा तास, एवढं पुरे. रात्री संपूर्ण अंधार हवा. रात्रभर मंद निळा ठेवायची हौस अनेकांना असते, पण कोरलाला त्याची गरज नाही.

टायमर अगदी हलका घेऊ नका. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना हवा तसा प्रवाह पुरवणारा भाग, सुरू होताना क्षणभर फार मोठा प्रवाह ओढतो, आणि त्या ठिणगीने हलक्या टायमरचे आतले संपर्क चिकटतात. मग दिवा रात्री बंदच होत नाही. महिन्यातून एकदा दिवा ठरलेल्या वेळी विझतोय ना, हे स्वतः उभं राहून बघा.

नॉबवरचे आकडे खऱ्या प्रमाणात नसतात. ५०वर ठेवला म्हणजे निम्मा उजेड असं बहुतेकदा होत नाही. काही नॉब सुरुवातीला काहीच करत नाहीत आणि मग एकदम उडी घेतात. म्हणून पांढऱ्या शाईच्या बारीक पेनाने आजची जागा नॉबशेजारी टिंब देऊन खूण करा आणि तारीख वहीत लिहा. धूळ पुसताना नॉबला धक्का लागून तो सरकणं ही नेहमीची गोष्ट आहे. खूण असली की लगेच कळतं.

पायरी ५: पहिले दोन महिने

या पायरीवर घाई करू नका. टाकीत अजून फक्त दगड, वाळू आणि पाणी असेल, बॅक्टेरिया स्थिरावत असतील, तर दिवा लावायचीच गरज नाही. त्या काळात दिवा लावला की फक्त शेवाळ वाढतं. पहिलं कोरल येईल त्या दिवशी दिवा सुरू करा.

निळा ३०वर, पांढरा १०वर, आणि दोन्ही सहाच तास. पॅरमीटर असेल तर कोरलाच्या जागी ५०च्या आसपास आकडा ठेवा. नवं कोरल पहिले दोन आठवडे वाळूवर, सर्वांत खाली ठेवा, मग ते विक्रेत्याकडे किती उजेडात होतं याची माहिती असो वा नसो. प्रवासात त्याने अंधार सोसलेला असतो. उजेड कमी मिळाला तर कोरल आठवडे, महिने तग धरतं. जास्त मिळाला तर दोन दिवसांत पांढरं पडतं, आणि पडलेलं पांढरं भरून यायला महिने जातात, तेही आलं तर.

मग दर आठवड्याला निळा पाचाने वाढवा. पांढरा दोन आठवड्यांतून एकदा. एका वेळी एकच गोष्ट बदला: तास वाढवले तर नॉब तसाच ठेवा, नॉब वाढवला तर तास तेवढेच. तास आणि जोर यांचा गुणाकारच कोरलाला मिळतो. १०० पॅर दहा तास आणि १२५ पॅर आठ तास यांची दिवसाची बेरीज सारखीच, ३.६ मोल. पण शैवालांना एका मर्यादेपलीकडचा उजेड वापरता येत नाही, तो उलट त्यांना इजा करतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा जोर कमी आणि तास थोडे जास्त, हाच मार्ग बरा.

उजेड वाढला की दगडी कोरलं सांगाडा भराभर बांधू लागतात, आणि त्यासाठी पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) वापरतात. दिवा वाढवण्याच्या काळात क्षारता दर आठवड्याला तपासा. ८ ते ९ डीकेएचच्या (क्षारता मोजायचं एकक) दरम्यान ती सारखी राहायला हवी. दिवा वाढवला आणि क्षारता घसरत गेली तर कोरल आजारी दिसतं, आणि नवखा माणूस दोष दिव्याला देतो.

कुठे थांबायचं? कोरल खुलून बसलं, रंग धरला, नव्या फुटव्याची चिन्हं दिसली की थांबा. माझा निळा नॉब ६५वर आणि पांढरा २५वर येऊन थांबला आणि दोन वर्षं तिथेच आहे. तो शंभरला नेला नाही म्हणून दिवा वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

पायरी ६: कोरलाकडे बघायला शिका

मीटर एकदाच लागतो, डोळे रोज लागतात. दिवा लागून दोन-तीन तास झाले की रोज एकाच वेळी टाकीपुढे पाच मिनिटं बसा. फोटो काढायचे तर फोनच्या कॅमेऱ्यासमोर नारिंगी फिल्टर धरा, नाहीतर सगळं निळंच दिसतं आणि आठवड्यांची तुलना होत नाही.

झोआंथिड फार बोलकं असतं. उजेड कमी असेल तर त्याचे देठ लांब होतात आणि मान उंच करून ते वर बघू लागतं. जास्त असेल तर पॉलिप तळच्या चटईसारख्या थराला चिकटून बसतात, अर्धवट मिटलेले. उजेड बरोबर असेल तर पाकळ्या सपाट, गोल, भोवतीची झालर उघडी. (झोआंथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं तीव्र विष असू शकतं. त्यांना हात लावताना हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा, दगड घासू नका, उकळू तर कधीच नका.)

मश्रूमची चकती उजेड कमी पडला की पसरून पातळ होते, जास्त झाला की आक्रसून जाड होते. हॅमर आणि टॉर्च यांचे तंतू दिवसभर आत ओढलेले राहिले आणि पाण्याचा प्रवाह ठीक असेल तर उजेड तपासा. लेदर कोरल अधूनमधून तीन-चार दिवस मिटतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं आणि तो टाकून पुन्हा उघडतं. ही त्याची नेहमीची पद्धत आहे, नॉबला हात लावू नका.

रंगांचंही एक लक्षात ठेवा. कोरल तपकिरी पडत गेलं तर त्याच्यात शैवालं वाढली आहेत. उजेड कमी किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त, या दोन्हींनी हे होतं. फिकं पडत गेलं तर शैवालं कमी होत आहेत: उजेड जास्त, किंवा पाणी फारच रिकामं. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य असलेल्या टाकीत मध्यम उजेडही भाजतो. म्हणून फिकं पडलेलं दिसलं की आधी नॉब दहाने खाली आणा आणि त्याच दिवशी पाणी तपासा.

फिकं पडलेलं कोरल मेलेलं नसतं. ऊती जिवंत असेपर्यंत आशा आहे. त्याला सावलीत हलवा, आठवड्यातून दोनदा बारीक अन्न द्या आणि वारंवार जागा बदलू नका. मी एक डंकन पूर्ण पांढरं झालेलं पाहिलं आहे. पाच महिन्यांनी त्याच्या तोंडाभोवती पहिली हिरवी कडी आली.

पायरी ७: स्वच्छता

या पेट्या जुन्या होऊन मरण्याआधी मिठाने आणि धुळीने मरतात. एलईडी थंड ठेवले तर ५०,००० तास चालू शकतात. रोज दहा तास धरले तर ते १३ वर्षांहून जास्त होतात. पंखा आणि ड्रायव्हर मात्र एवढे टिकत नाहीत, आणि त्यांचा शत्रू उष्णता आहे.

दर आठवड्याला खालची काच किंवा भिंगं पुसा. आधी प्लग काढा आणि पेटी अर्धा तास थंड होऊ द्या. गरम काचेवर गार ओलं कापड लावू नका. मऊ सुती कापड आरओ पाण्यात भिजवून अगदी घट्ट पिळा आणि हलक्या हाताने पुसा. मिठाची खपली सुकी असताना घासली तर ती सँडपेपरसारखी ओरखडे काढते, म्हणून आधी ओल्या कापडाने विरघळू द्या. पांढरे डाग राहिलेच तर पाण्यात तेवढंच व्हिनेगर मिसळून कापडाला लावा, डाग जाताच साध्या पाण्याच्या कापडाने पुसून घ्या. फवारा थेट पेटीवर कधीच मारू नका. काच साफ करायची बाजारी रसायनं तर टाकीच्या आसपासही आणू नका, त्यांतल्या अनेकांतला अमोनिया पाण्यात उतरतो.

महिन्यातून एकदा पंखे. प्लग काढून पाती बोटाने धरून ठेवा आणि मग हवेच्या झोताने किंवा रंगाच्या मऊ ब्रशने धूळ काढा. पाती मोकळी सोडून झोत मारला तर पंखा भरधाव फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. हे काम टाकीपासून दूर करा, धूळ पाण्यात पडायला नको. मग पेटी चालू करून तासाभराने वर हात ठेवा. कोमट लागली तर ठीक. हात टेकवता येत नसेल तर हवा अडते आहे.

आता एक गोष्ट जी फार कमी जण सांगतात. महिनाभर न पुसलेली काच साफ केली की दुसऱ्या दिवशी टाकीत एकदम जास्त उजेड उतरतो. पाण्यात नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकला तरी तेच होतं: पाण्यातला पिवळेपणा निघून जातो आणि निळा प्रकाश आधीपेक्षा खोल जातो. काहीच बदललं नाही म्हणता म्हणता कोरल फिकं पडतं. मोठ्या सफाईनंतर निळा नॉब दहाने खाली आणून आठवड्याभरात परत वर न्या. दर आठवड्याला पुसत राहिलात तर ही वेळच येत नाही.

पायरी ८: बिघाड ओळखणं

दिवा बंद पडला तर पहिलं काम म्हणजे घाबरायचं नाही. दोन-तीन दिवस अंधारात राहून कोरल मरत नाही. पंप, हीटर आणि पाण्याचा प्रवाह चालू आहेत ना, एवढं बघा.

एकच एलईडी आतून शॉर्ट होऊन विझला आणि बाकी चालू असतील तर तसंच चालू द्या, फरक पडत नाही. निळ्यांची अख्खी रांग एकदम विझली तर बहुधा माळेतला एकच एलईडी तुटला आहे. हे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, एक तुटला की पुढे वीज जात नाही. दिवा लुकलुकत असेल, किंवा गरम झाल्यावर बंद होऊन गार झाल्यावर परत लागत असेल, तर ड्रायव्हर किंवा पंखा तपासा. पंखा घरघरतो आहे याचा अर्थ तो काही आठवड्यांचा सोबती आहे. त्याच्यावर लिहिलेला आकार आणि व्होल्टेज बघून तसाच नवा आणून ठेवा. पहिल्या वर्षाच्या शेवटी एक जादा पंखा घरात असावाच.

पंखा बदलणं कुणालाही जमतं: चार स्क्रू आणि एक जोडणी. ड्रायव्हर आणि एलईडी बदलणं सगळ्यांनी करू नये. एका माळेत पंचवीस एलईडी आणि प्रत्येकी साधारण ३ व्होल्ट म्हणजे तिथे ७५ व्होल्टचा थेट प्रवाह आहे, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. सोल्डरिंगचा हात नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, आणि सोबत वहीत लिहिलेला पहिल्या दिवशीचा वॉटचा आकडा द्या. त्यावरून कोणती माळ वीज घेत नाही हे त्याला पटकन कळतं.

पेटी पाण्यात पडलीच तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात घाला. ती पेटी वाळवून पुन्हा वापरू नका. आत गेलेलं मीठ ओलावा धरून ठेवतं आणि पुढे कधीतरी गळती होते. टाकीचं पाणीही लगेच बदला, कारण गंजलेल्या सोल्डरमधून आणि तारांमधून तांबं उतरलं तर कोळंबी, शंख आणि कोरल यांना ते सोसत नाही.

आणि कधीतरी नवी पेटी आणायची वेळ येईल. जुनीखाली ६५वर असलेली कोरलं नव्या पेटीखाली ६५वर ठेवू नका. जुनी पेटी हळूहळू मंदावलेली असते, नवीची भिंगं स्वच्छ असतात, नॉबचा हिशोबही वेगळा असतो. जुनी उतरवण्याआधी एखाद्या ठरलेल्या जागी फोनच्या लक्समीटरने आकडा घ्या, नवी पेटी त्याच आकड्याच्या साठ टक्क्यांवर सुरू करा, आणि आठवड्याला पाच-पाचाने वर न्या. दोन्ही पेट्यांचे एलईडी वेगळे असल्याने ही तुलना ढोबळच असते, म्हणून पहिल्या आठवड्यात मश्रूमच्या कडांवर रोज लक्ष ठेवा.